महालातला लाकडी शिपाई

बस वळली आणि उस्तादांचा उजवा पाय पुन्हा जोरात दाबला गेला. पायाखाली ब्रेक नव्हता. पुढच्या सीटखाली सरकवलेली कुणाची तरी पिशवी होती.

“अहो, तिसऱ्यांदा,” बायको कुजबुजली. “त्या बाईंच्या केळ्यांचा लगदा झाला असेल.”

एकतीस वर्षं याच शहरदर्शनाच्या बसचं स्टिअरिंग उस्तादांच्या हातात होतं. गेल्या आठवड्यात ते निवृत्त झाले. ऑफिसनं भेट म्हणून काय द्यावं, तर दोन तिकिटं. त्याच बसची. सीट नंबर सात आणि आठ. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, बायकोनं सगळ्यांत जास्त. उस्तादांनी मात्र तारीख पुढे ढकलता येईल का, हे बघायला तिकिटं उलटून पाहिली होती.

कारण उस्तादांनी महाल आतून कधी पाहिलाच नव्हता.

शहर त्यांना ठाऊक होतं ते पार्किंगच्या बाजूनं. संग्रहालय म्हणजे मागचं पत्र्याचं फाटक, बाग म्हणजे सावलीची जागा, आणि महाल म्हणजे दीड तास. ड्रायव्हरनं गाडी सोडायची नाही, असा नियम. आत जाऊन आलेल्या प्रवाशांनी काही सांगावं, तर तेही चकार शब्द काढत नसत. टॉयलेट कुठे आणि जेवण कधी, एवढंच विचारत.

लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी, एका संध्याकाळी जेवताना बायकोनं विचारलं होतं, “महालात काय काय आहे हो?” मला माहीत नाही, हे नव्या बायकोला कुठल्या तोंडानं सांगायचं? उस्तादांनी घास गिळला आणि ठोकून दिलं: “घड्याळ आहे एक. पुरुषभर उंच. बारा वाजले की त्यातून लाकडी शिपाई बाहेर येतो आणि सलाम करतो.”

बायकोच्या हातातला डाव हातातच राहिला. एवढ्या कौतुकानं त्यांच्याकडे तोवर कुणी बघितलं नव्हतं.

मग काय, शिपायाला मिशा फुटल्या. राणीला आंघोळीला चांदीचा हौद मिळाला. दारं वाढत वाढत इतकी उंच झाली, की उंटावर बसून आत जावं. बायको रोज विचारायची, उस्ताद रोज सांगायचे. कधी घसरले तर ती पकडायची. “काल तर मिशा काळ्या होत्या!” “रंग उडाला. खिडकीतून ऊन येतं ना.” एकदा साहेबांनी आपणहून आत जायचा पास दिला, तर उस्तादांचं पोट दुखायला लागलं. खरा महाल बघितला तर आपला कोसळेल, ही धास्ती. बायकोनं हट्ट धरला, की म्हणायचे, “निवृत्त झालो की निवांत दाखवीन.”

झाले होते निवृत्त. आज पितळ उघडं पडणार होतं, तेही गाइडच्या साक्षीनं.

बस थांबली. “दीड तास आहे. बसचा नंबर लक्षात ठेवा,” गाइड मुलगी म्हणाली. सगळे उतरले. उस्ताद बसूनच.

“उतरा की.”

“गाडीपाशी कुणीतरी हवं ना.”

“ड्रायव्हर आहे,” बायको म्हणाली. “तुम्ही आता सीट नंबर सात.”

फाटकाशी त्यांनी तिचा हात धरला. कबूल करून टाकावं, तेवढीच लाज कमी. “ऐक, मला तुला काही सांगायचंय.”

“आत सांगा. इथं ऊन लागतंय.”

ती पुढे झाली. आत लांबलचक, अंधारा बोळ होता. उस्ताद शाळेत उशिरा पोचलेल्या मुलासारखे मागून पाय ओढत निघाले. बोळ पुढे वळत होता. वळण यायच्या आधीच बायकोनं मागे न बघता हाक दिली, “डोकं सांभाळा हं, दार बुटकं आहे.”

कुठलं दार, म्हणेपर्यंत उस्ताद वळले आणि कपाळ चौकटीवर आपटलं.

दार खरंच बुटकं होतं. उंट सोडा, शेळीनंही वाकून जावं असं. कपाळ चोळत ते उभे राहिले. आधी तारे चमकले, मग प्रकाश पडला.

“तुला कसं कळलं, इथं दार आहे ते?”

“मागच्या खेपेला मीही आपटले होते.”

“मागच्या? कधी?”

“लग्नानंतर दुसऱ्या वर्षी. ताई आली होती ना, तिच्याबरोबर. दुसऱ्या कंपनीच्या बसनं.”

“म्हणजे मला विचारलंस त्याच्याही आधी?”

“त्याच दिवशी. तुम्हाला सांगणारच होते, की कसला मेला महाल, चार खुर्च्या आणि एक पलंग. म्हटलं, आधी तुम्हाला काय वाटतं ते विचारावं. तर तुम्ही तो शिपाई काढलात.”

“मग तेव्हाच बोलली का नाहीस?”

“वा! दुसऱ्या दिवशी तो काय करतो, ते नको ऐकायला?”

उस्तादांना हसावं की पुन्हा एकदा कपाळ आपटून घ्यावं, कळेना. शेवटी हसूच आलं, आणि ते काही केल्या थांबेना.

आतल्या दालनात चार खुर्च्या होत्या. पलंग होता. पलंगाभोवती दोरी होती. लोकांनी दोन मिनिटांत फोटो काढले आणि पुढे सरकले. बायकोनं मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. बाराला दोन कमी. उस्तादांची बाही धरून ती एका मोकळ्या कोपऱ्यासमोर जाऊन उभी राहिली, नीट, पदरबिदर सावरून.

“काकू, चला ना पुढे,” गाइड मुलगी दारातून म्हणाली. “त्या कोपऱ्यात बघण्यासारखं काही नाही.”

“तुला नाही दिसायचं, पोरी,” बायको म्हणाली. “तू रोज आत येतेस. हे दिसायला एकतीस वर्षं बाहेर थांबावं लागतं.”