पुसलेलं पत्र

"वहिनी, लॅपटॉपच्या या कॅमेऱ्यावर टिकली कोणी लावली?" अमोलने विचारलं.

"मीच," स्वरूपा म्हणाली. "त्याचा हिरवा दिवा आपोआप लागायचा. कोणीतरी बघतंय असं वाटायचं."

"बरोबर वाटत होतं."

दिल्ली छावणीतल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये रविवारची दुपार होती. अमोल लष्कराच्या सिग्नल्स विभागात हवालदार, शेजारच्याच जिन्यात राहणारा. त्याने आधी इंटरनेटची वायर उपटली, मग स्वतःच्या पेन ड्राइव्हवरून तपासणी लावली. पाऊण तासाने चोर सापडला. गणपतीच्या वर्गणीची पावती मराठीत छापायची म्हणून स्वरूपाने ऑगस्टमध्ये एक टायपिंगचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं होतं. फुकट ते पौष्टिक! ते मराठी सुरेख उमटवायचं, आणि उमटवलेलं प्रत्येक अक्षर मुकाट्याने कुठल्या तरी परक्या माणसाला पाठवायचं.

"निघेल ना हे?"

"बिल्कुल. पण आधी काय काय गेलं ते बघावं लागेल. खंडेरावदादा दिवाळीच्या रजेत यावर बसले होते का? युनिटबद्दल काही लिहिलं असेल तर उद्या मला ऑफिसात सांगावंच लागेल. तिथे शेजारधर्म चालायचा नाही."

स्वरूपाचा नवरा खंडेराव सीमेवर होता. नोकरी दोन वर्षं वाढवून घेण्याच्या कागदावर उद्याच त्याला सही करायची होती. त्या कागदासाठी तिनेच दिवाळीभर नवऱ्याचं डोकं खाल्लं होतं. दोन वर्षं वाढली तर क्वार्टर राहणार, शिवांजलीची बारावी इथेच होणार. आता चौकशी मागे लागली तर सगळंच मुसळ केरात.

"एकदाच बसले होते," ती म्हणाली. "निघायच्या दिवशी पहाटे. माझ्यासाठी दोन ओळींची चिठ्ठी करून ठेवली होती. घरात कागद-पेन असताना म्हटलं ही काय हौस!"

चिठ्ठी तिला पाठ होती. गॅस बुक केलाय. शिवांजलीच्या सायकलचं पंक्चर काढून आणलंय.

"हा प्रोग्राम टाइप केलेलं ठेवतो, आणि नंतर पुसलेलंही ठेवतो," अमोल म्हणाला. तारीख शोधत तो खाली खाली गेला. एका जागी थांबला. शेवटपर्यंत भरभर नजर फिरवली आणि उठून उभा राहिला.

"युनिटचं काही नाही यात, वहिनी. शप्पथ. हे तुमचं आहे, तुम्हीच वाचा." तो बाल्कनीत जाऊन पाठ फिरवून उभा राहिला.

स्वरूपा खुर्चीत बसली.

'स्वरूपा, तोंडाने सांगायला जमत नाही म्हणून लिहितोय. हात थरथरतो, पेन धरवत नाही. माझ्याबरोबरच्या वसंताला माझ्या डोळ्यांदेखत गोळी लागली, ते तुला सांगितलं नव्हतं. तेव्हापासून झोप नाही. हाताखालच्या पोरांना दिसू नये म्हणून चहाचा मग दोन्ही हातांनी धरतो. दोन वर्षांचा कागद माझ्याने होणार नाही. पण शिवांजलीच्या शाळेचं तुझंही बरोबर आहे. मला घरी यायचंय. रागावू नकोस.'

पाच वाजून दहा मिनिटांनी लिहायला घेतलेलं ते पत्र त्याने पाच चाळीसला एकेक अक्षर करत पुसून टाकलं होतं. मग 'मला घरी यायचंय' एवढंच पुन्हा लिहिलं होतं. तेही पुसलं होतं. मग गॅस. मग सायकल.

अठरा वर्षांच्या संसारातलं हे पहिलं पत्र, आणि ते तिच्याआधी चोराने वाचलं होतं. तिला राग चोराचा यायला हवा होता. तिला स्वतःचाच आला.

अमोल दारात आला. "पुसायचं ना सगळं? की याची प्रत काढून देऊ?"

"पुसा, भाऊजी. मी हे वाचलंय ते त्यांना कधीच कळता कामा नये."

तो कामाला लागला. पदराने डोळे कोरडे करून तिने फोन लावला. दुसऱ्याच घंटीला खंडेरावने उचलला.

"बोल. सगळं मजेत?"

"मजेत. तुम्ही?"

"एकदम. उद्या सही करून कागद देतो. काळजी करू नकोस."

"नका देऊ."

दिवाणावर पुस्तक घेऊन बसलेल्या शिवांजलीने मान वर केली. "मम्मी? और मेरा स्कूल?" स्वरूपाने हातानेच लेकीला थांबवलं.

"का? काय झालं?" खंडेरावने विचारलं.

"मला नाही राहायचं इथे. हा धूर, ही थंडी. माझं मन उडालंय. शिवांजली गावी साताऱ्याला करेल बारावी. मला घरी जायचंय, अहो."

"अगं, दिवाळीत तर तूच..."

"मीच म्हणत होते. चुकलं माझं."

पलीकडून त्याने सोडलेला लांब श्वास ऐकू आला.

"तुझ्या हट्टापुढे कोणाचं चालतं?" तो म्हणाला. "बरं, बाई. तुझ्यासाठी येतो."

"हो," स्वरूपा म्हणाली. "माझ्यासाठीच या."