मधली पात

वच्छलाबाई शेताच्या कडेला, धुऱ्यावर येऊन उभी राहिली तेव्हा तिच्या काखेत गाठोडं होतं. भागीरथानं ते लांबूनच ओळखलं. तिचंच हिरवं लुगडं होतं, चार गाठी मारलेलं.

"चाल," सासू म्हणाली. "तुया भाऊ बाराच्या येष्टीनं येऊन राह्यला. आता माहेरीच राय. पोळ्यापर्यंत वाट पाहू म्हटलं होतं. पोळा होऊन चार दिस झाले."

भागीरथाच्या हातातला विळा थांबला. माहेरी म्हणजे चार दिवसांसाठी नव्हे, हे तिला न सांगता कळत होतं. एकदा का येडी म्हणून बाईची पाठवणी झाली, की तिच्यासाठी परतीची येष्टी कुणी सोडत नाही.

चैत्रात पाळणा रिकामा झाला, तेव्हापासून ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. सेवाग्रामच्या डॉक्टरानं तपासलं आणि सांगितलं, हवापालट करा. गंमत अशी, की त्याच आठवड्यात त्यानं या शेताच्या मालकिणीला, प्रमिलाबाईंनाही हेच सांगितलं. प्रमिलाबाई स्वयंपाकीण घेऊन महिनाभर चिखलदऱ्याला राहिल्या. भागीरथाच्या घरची माणसं आर्वीच्या बाजाराला जायचं तरी दोनदा विचार करणारी. तेव्हा निंदणाऱ्या बायकांची म्होरकी आनंदाबाई आपण होऊन दारात आली. म्हणाली, "हवाच बदलाची हाय ना? मंग धाडा माया संगं. घरातली हवा येगळी, वावरातली येगळी."

आणि तिनं भागीरथाला एच-फोरच्या कपाशीत मधली पात दिली. निंदताना प्रत्येक बाईच्या वाट्याला ओळींची एक पात येते. कुणी आजारातून उठलेली असेल, कुणी नवखी असेल, तर तिला मधली द्यायची. दोन्हीकडच्या बायका जाता जाता तिचं तण ओढतात आणि तिला मागं पडू देत नाहीत. भागीरथाला कुणी काही विचारलं नाही. पहिले कितीतरी दिवस तिनं नुसती माती उकरली. मग एका रात्री तिला झोप लागली. मग भूक लागायला लागली. एकदा तर शोभाबाईच्या वात्रटपणावर ती फिसकन हसली, आणि बाकीच्या बायकांनी ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं.

"वच्छलाबाई, डोये उघडून पाहा जरा," आनंदाबाई आता म्हणाली. "आज हिची पात सगळ्यांच्या आंधी धुऱ्याले लागली. शोभाबाई मागं राह्यली तं तिची पात समोरून धरली हिनं."

"काम तं बैलही करते." वच्छलाबाईचा आवाज कडक होता, पण बोटं सारखी पदराचं टोक गुंडाळत होती. "हिचं डोकं ठिकाणावर आलं, हे गावाले मी कशी सांगू?"

आपण बऱ्या झालो हे भागीरथाला पक्कं ठाऊक होतं. पण येडी झाल्याचं सांगायला अख्खं गाव असतं, बरी झाल्याचा दाखला कोण देणार?

तेवढ्यात बांधाशी दमणी थांबली. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज थांबला आणि प्रमिलाबाई खाली उतरल्या. लग्नाला वीस वर्षं झाली, पण स्वतःच्या शेतात पाय ठेवायची त्यांची ही पहिलीच वेळ. पातळ सावरत, ढेकळांत अडखळत त्या सरळ भागीरथापाशी आल्या.

"तुले आता झोप येते म्हणतात. खरं काय?"

"येते."

"मी चिखलदरा करून आली. नागपूरच्या झोपेच्या गोया खाल्ल्या. तरी रातभर आढ्याकडे पाहत राह्यतो. त्या डॉक्टरनं तुले काय येगळं सांगतलं, बाई?"

सगळे विळे थांबले. गावची मालकीण गावच्या येडीला इलाज विचारत होती, आणि उत्तरासाठी उन्हात उभी होती. वच्छलाबाईच्या हातून पदराचं टोक सुटलं.

भागीरथानं प्रमिलाबाईंकडे नीट पाहिलं. त्या डोळ्यांखालचा काळेपणा तिच्या चांगलाच ओळखीचा होता.

"येगळं काई नाई सांगतलं, मालकीणबाई," ती म्हणाली. "पण तुमी तिथं एकल्या होत्या. मी इथं सोळा जणींत होती."

मग ती उठली आणि सासूपुढं हात केला. "आत्याबाई, गठुडं द्या."

वच्छलाबाईचा चेहरा उतरला. तिनं गाठोडं दिलं. भागीरथा धुऱ्यावर बसली, चारही गाठी एकेक करून सोडल्या आणि तळातलं जुनं, विटलेलं लुगडं काढून झटकलं.

"हे नेसा. त्या पातळात निंदता नाई येत."

प्रमिलाबाई लुगडं घेऊन दमणीच्या आडोशाला गेल्या. दूर सडकेवर बाराच्या येष्टीचा धुरळा दिसू लागला. वच्छलाबाईनं वाकून उरलेले कपडे गोळा केले आणि ते काखेत मारून ती घराकडच्या वाटेला लागली.

"मी भाकरी टाकतो," ती मागं न पाहता म्हणाली. "तुया भावाले जेवू घालतो अन् परत धाडतो. तू सांजंले येजो."

भागीरथाला इतका आनंद झाला, की तिला क्षणभर विळा कुठं ठेवला तेच आठवेना. तो तिच्या पायाशीच होता.

प्रमिलाबाई लुगड्यात अवघडून परत आल्या. कुठं बसावं ते त्यांना समजेना. आनंदाबाई काही बोलणार, तेवढ्यात भागीरथा उठली आणि आपली मधली पात सोडून लगतच्या पातीवर जाऊन बसली.

"मधली पात घ्या, मालकीणबाई," ती म्हणाली. "ह्या बाजूनं मी हाय."