नोव्हेंबरची बाजरी

पेन्शनीसाठी हयातीचा दाखला द्यायला बजरंगअण्णा तिसगावहून नगरच्या बँकेत निघाले होते. इस्त्रीचा सदरा, हातात बाजरीची पिशवी.

सुनेनं मोबाईल त्यांच्या तोंडासमोर धरला. "अण्णा, डोळे मिचकावा. झालं! तुमी हयात हाय, सरकारला कळलं. आता बँकेत जायचं काम न्हाई."

अण्णा पिशवीकडं बघत राहिले. नोकरीतला जोडीदार सावळेराम दर नोव्हेंबरला बँकेत दाखल्याच्या रांगेत भेटायचा. अकोले तालुक्यातला तांदूळ द्यायचा, बाजरी घ्यायचा. मग पायरीवर बसून दोघं जुन्या साहेबांच्या नकला करायचे.

"सावळेरामकाकांना फोन करा की," सून म्हणाली.

"औंदा लागत न्हाई." अण्णांनी चपला घातल्या. "मी हाय, हे सरकारला कळलं. सावळ्या हाय का, हे मला रांगेतच कळंल."