रातकिडा

"चिठ्ठीवर लिहा, भाऊ," प्रमिलाबाई म्हणाल्या. "नानांना तोंडी तक्रार चालत नाही."

हिलालने बेस गिटार काउंटरवर आडवी ठेवली. महिन्यात ही चौथी खेप. सोनगीरहून एसटीत गिटार मांडीवर घेऊन यायचं म्हणजे कंडक्टरची बोलणी आलीच.

"अक्का, सांगस ना मी. एकच गोष्ट शे."

"माणूस बोलताना वाढवून बोलतो, लिहिताना नेमकं लिहितो." त्यांनी वही पुढे केली. पेन्सिल वहीला सुतळीने बांधलेली होती.

हिलालने लिहिलं : किर्र आवाज येतो. रातकिड्यासारखा.

रुपचंदनानांचं दुकान धुळ्यात, आग्रा रोडच्या आतल्या गल्लीत. रेडिओ, टेप, अँप्लिफायरची दुरुस्ती. काउंटर त्यांच्या बायको, प्रमिलाबाई, सांभाळत. आसपासच्या निम्म्या गायन पार्ट्यांची वाद्यं त्यांच्या हाताखालून गेलेली. नाना कमी बोलत. पण त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. डॉक्टर चुकला तर लोक दुसऱ्या डॉक्टरकडे जातात. नानांकडून वस्तू आल्यावरही वाजली नाही, तर लोक वस्तूलाच शिव्या देत.

नानांनी चिठ्ठी वाचली. प्रमिलाबाईंनी फळीवरचा रेडिओ बंद केला. नानांनी गिटारला लीडची वायर खोचली, अँप्लिफायर चालू केला, आणि लगेच रातकिडा किरकिरू लागला.

नानांनी डावा तळहात स्पीकरच्या जाळीवर ठेवला. डोळे मिटले. उजव्या अंगठ्याने जाड तार छेडली, मग दुसरी, तिसरी, चौथी. काउंटरवरचा चहाचा ग्लास थरथरला.

"बेस हाताने ऐकायचा असतो," ते म्हणाले. "स्वच्छ आहे."

"नाना, हाऊ काय वाजी ऱ्हायना मंग?" हिलाल जवळजवळ ओरडलाच.

नाना गिटारची मागची पट्टी उघडण्यात गुंतले होते. पहिल्या खेपेला त्यांनी जॅक बदलला होता, दुसऱ्यांदा व्हॉल्यूमचं बटण आतून साफ केलं, तिसऱ्यांदा लीड नवी दिली. सूचनाही चिठ्ठीवर लिहून दिल्या होत्या. लीड कोपराला गुंडाळू नये. काढताना जॅकला धरावं, तारेला ओढू नये. ट्यूबलाइटच्या चोकपासून लांब बसावं. हिलालने पथ्यासारखं सगळं पाळलं. आज नानांनी अर्थिंगची तार काढून पुन्हा पक्की जोडली, परत तळहात ठेवून पाहिलं आणि चिठ्ठीवर लिहिलं : आवाज नाही. गिटार ठीक.

रातकिडा किरकिरतच होता.

"अक्का, तुमले ऐकू येस ना?"

प्रमिलाबाई भुईमुगाच्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"नाना सांगतील तेच खरं, भाऊ."

परतीच्या एसटीत हिलालला पहिल्यांदा खरी भीती वाटली. कार्यक्रम आटोपून अँप्लिफायर बंद केला तरी तो आवाज सकाळपर्यंत त्याच्या कानात राही. मग तो गिटारमध्ये होता, की डोक्यात?

त्याच्या बापाचं असंच झालं होतं. भिका वीस वर्षं कापसाच्या जिनिंगमध्ये, यंत्रांच्या गोंगाटात राबला. एक दिवस म्हणाला, "कानमा रातकिडा बठेल शे." घरचे हसले. चार वर्षांत त्याला बायकोची हाक ऐकू येईना. आता लोक हसले की तोही हसतो, आणि सगळे गप्प झाले तरी थोडा वेळ हसत राहतो. ते बघवत नाही.

हिलालच्या गायन पार्टीचे म्होरके सुपडूभाऊ. किरकिर ऐकू येते का, असं त्याने त्यांना विचारलं.

"ढोलकीपुढे आमले काय समजस?" ते म्हणाले. "नाना काय म्हनस?"

"नही म्हनस."

"मंग नही."

हिलालची बायको सुनंदा म्हणाली, डॉक्टरला दाखवू. तो गेला नाही. डॉक्टरने बापाला तरी काय दिलं होतं?

जयंतीचा मोठा कार्यक्रम शिंदखेड्याला होता. अकरा वर्षं हिलाल त्या पार्टीत बेस वाजवत होता. रस्त्याने जाताना लोक त्याला बेसवाला म्हणूनच ओळखत. पण भर मंडपात सूर चुकला, लोक हसले, आणि आपणही बापासारखे त्यांच्याबरोबर हसलो तर? तीन रात्री त्याला झोप आली नाही. चौथ्या दिवशी त्याने सुपडूभाऊंना सांगितलं, "माले जमावं नही आते. दुसरा दखा."

सुपडूभाऊंनी कारण विचारलं. त्याने सांगितलं नाही. लाज वाटली.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी जीप निघाली. हिलालच्या जागी धुळ्याचा एक पोरगेला वादक बसला होता. जीप वळणाआड गेल्यावर हिलाल घरात आला आणि गिटारच्या पिशवीत तोंड खुपसून रडला. मग तीच पिशवी उचलून धुळ्याची एसटी धरली. घरात ती डोळ्यांसमोर नको होती. नाना चांगलं गिऱ्हाईक बघून देतील. आणि त्यांनी एका शब्दाने खरं काय ते सांगितलं, म्हणून त्यांच्या पायाही पडायचं होतं.

दुकानात प्रमिलाबाईंचं स्टूल रिकामं होतं. त्या कालच मुक्ताईनगरला माहेरी गेल्याचं समोरच्या चहावाल्याने सांगितलं. सांगितलं कसलं, ओरडून सांगितलं. कारण फळीवरच्या रेडिओचा काटा स्टेशनवरून घसरला होता आणि त्यातून कान फाटेल असा खरखराट गल्लीभर चालू होता.

"सकायपासून हाऊच तमाशा शे!" चहावाला कानांवर हात ठेवून म्हणाला.

नाना दाराकडे पाठ करून बसले होते. एका पट्टीवर बारीक तार जोडत होते. हात जराही हलत नव्हता.

"नाना," हिलालने हाक मारली.

मग मोठ्याने मारली. मग बेंबीच्या देठापासून.

तो दोन पावलं आत गेला. त्याची सावली टेबलावर पडली, तेव्हा नाना दचकून वळले. त्याला ओळखून प्रसन्न हसले, आणि सुतळीला बांधलेली पेन्सिल वहीसकट त्याच्यापुढे सरकवली.