लाकडी सेल

वायर उलटी जोडली गेली, तर कॅमेरा जागच्या जागी जळणार होता. विज्ञान शिकवणाऱ्या बाईंनी मीटर लावून प्लस-मायनस पुन्हा तपासलं. वर्गात हेच काम त्या गप्पा मारता मारता करत. आज त्यांनी ते तिसऱ्यांदा तपासलं.

गल्लीपलीकडच्या टेलरमास्तरांच्या घराची भिंत त्यांना गेल्या आठवड्यापासून कललेली वाटत होती. मास्तर ते मनावर घेईनात. चष्म्याचा नंबर वाढला असेल, असं म्हणून त्यांनी विषय हसण्यावारी नेला. मग बाईंनी आपला जुना डिजिटल कॅमेरा खिडकीच्या चौकटीला स्क्रूने पक्का बसवला आणि भिंतीचे फोटो दिवसभर आपोआप निघत राहतील अशी सोय केली. पण पेन्सिल सेल बघता बघता मान टाकत. ते बदलताना कॅमेरा जरासा हलला, की आधीच्या फोटोंशी पुढचे जुळेनात. आणि जुळले नाहीत, तर मास्तरांना दाखवणार काय?

म्हणून त्यांनी झाडूच्या दांड्याचे सेलच्या मापाचे दोन तुकडे तासले. टोकांना पितळी स्क्रू पिळले, स्क्रूंना वायरी जोडल्या आणि त्या भिंतीतल्या प्लगला लावलेल्या जुन्या रेडिओच्या अडॅप्टरपर्यंत नेल्या.

गुडघेदुखीने अंथरूण धरलेल्या सासूबाई पलंगावरून सगळं बघत होत्या. लोकांच्या घराची एवढी उठाठेव कशाला, असं त्यांचं म्हणणं होतं.

"त्या भिंतीला लागून मास्तरांची लेकरं झोपतात, आई," बाई म्हणाल्या आणि त्यांनी बटण दाबलं.

धूर निघाला नाही. लाकडाचे सेल पोटात घेऊन कॅमेरा किर्र करत जागा झाला.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्या आल्या त्यांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो पुढे सरकवले. पहिल्यात, बसवताना जुळवून घेतल्याप्रमाणे, भिंतीची कड फोटोच्या कडेला समांतर होती. मग वरच्या बाजूला केसभर फट दिसू लागली. शेवटच्या फोटोंत ती डोळ्यांत भरण्याइतकी रुंद झाली होती. बाईंनी खिडकीतूनच हाक मारून मास्तरांना वर बोलावलं.

फोटो बघून मास्तरांच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. बायकोमुलांना बाहेर काढायला ते दाराकडे वळले.

"थांबा," बाई म्हणाल्या. त्या अजून पडद्याकडेच बघत होत्या.

भिंतीमागे दूरवर पाण्याची टाकी दिसत होती. तीही कलत गेली होती. विजेचा खांबही कलला होता. सगळं एकाच बाजूला, सारखंच. एवढं सगळं एकदम कसं कलेल? कलत होता तो कॅमेरा. आणि कॅमेरा तर खिडकीला घट्ट होता. बाईंनी खिडकीतून वाकून डावीकडे पाहिलं. घराच्या डाव्या अंगाला नव्या इमारतीच्या पायासाठी खोल खड्डा खणला होता.

"मास्तर, तुमची भिंत सरळ आहे. आमचं घर कलतंय. आईंना उचला."

म्हातारीला पाठीवर घेऊन मास्तर जिना उतरले. मागून बाई फक्त औषधांची पिशवी घेऊन निघाल्या. कॅमेरा खिडकीतच राहिला.

दिवे लागायच्या सुमाराला बाईंचं घर खड्ड्यात कोसळलं, तेव्हा सासूबाई मास्तरांच्या घरात, त्याच भिंतीला पाठ टेकून बसल्या होत्या.