वरच्या गॅलरीतून

त्या संध्याकाळी पार्माच्या ऑपेरा थिएटरात फक्त शाळेतल्या मुलांना प्रवेश होता, तोही फुकट. निवेस आणि तिची मैत्रीण इलारिया सगळ्यात वरच्या गॅलरीत बसल्या होत्या. खाली निळसर उजेडात आजारी नायिका पलंगावर पडून गात होती. तिचा आवाज धुक्यासारखा हळूहळू वर येत होता.

इलारिया हसू दाबत कुजबुजली, "अगं, मघापासून मरतेच आहे ही! जीव जायला किती वेळ लावतेय!"

"गाऊ दे गं तिला." निवेसची नजर खालीच होती. "सगळ्यांचा निरोप घेतेय ती. माझ्या आईला ते नाही जमलं. मी शाळेतून येईपर्यंत सगळं संपलं होतं."

इलारियानं गुपचूप तिचा हात हातात घेतला.

नायिका मेली. पडदा पडला. टाळ्यांच्या कडकडाटात तो पुन्हा उघडला, तर ती उठून उभी होती. वर गॅलरीकडे बघून तिनं हसत हात हलवला.

निवेसनंही हलवला. मुलं जिना उतरायला लागली, रंगमंच रिकामा झाला, तरी ती हात हलवतच होती.