बिनश्रीचा फॅक्स

फोनची घंटी एकदाच वाजली. सुमनबाईंनी झडप घातली, पण त्यांच्याआधी कॉम्प्युटरनं फोन घेतला. रिसीव्हरमधून नुसती किंचाळी आली.

"ललित! बोल ना रे बाबा, मी आई!"

किंचाळी थांबली. पलीकडून फोन ठेवला गेला.

सकाळीच ललित बायकोला, मयुरीला, जीपमध्ये घालून सावद्याहून जळगावला घेऊन गेला होता. सातवा महिना, आणि अंगावरून रक्त जायला लागलेलं. "आई, फोनपाशी बस," एवढंच तो बोलला. गडबडीत कॉम्प्युटर चालूच राहिला. दिल्लीहून केळीचे भाव त्यात फॅक्सनं यायचे. त्यासाठी ललितनं काय करून ठेवलं होतं देव जाणे, घंटी वाजली की फोन आधी त्याच्या ताब्यात! मोबाइल तेव्हा गावात बड्या असामींच्याच खिशात. शेजारच्या कुंदाबाईंचा फोन रस्ता खोदल्यापासून मुका. सुनेच्या जिवाची खबर यायची ती याच वाटेनं, आणि वाटेत हे डबडं आडवं पडलेलं.

"बंद करून टाक ना अक्का त्याले," कुंदाबाई म्हणाल्या.

"अन् भलतंच काही दाबलं, फोनबी गेला, तर?"

"सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या. चहा टाकून आणते," म्हणत कुंदाबाई घरी गेल्या.

घंटी. सुमनबाईंनी पुन्हा रिसीव्हर ओढला, पुन्हा तीच किंचाळी, पुन्हा लाइन तुटली. पण या खेपेला पडद्यावर एक कागद उमटला होता. अक्षर ललितचं! त्या बोट ठेवून वाचू लागल्या.

"आई, फोन उचलू नको. मशीनला घेऊ दे. मयुरीला"

पुढे पांढरं. त्यांनी उचललेल्या रिसीव्हरनंच तो कागद मध्येच तोडला होता.

मग त्यांची नजर कागदाच्या माथ्यावर गेली. वर श्री नव्हता.

या घरात ट्रकबरोबर द्यायची चिठ्ठीसुद्धा श्री घातल्याशिवाय निघत नसे. ललितला तर असं वळण होतं की पेन चालतं का ते बघायलाही तो श्रीच काढायचा. श्री नसतो तो एकाच कागदावर. तो वाचून माणसं आंघोळीला जातात.

"माय वं! गेली माझी पोर!" सुमनबाई खाली बसल्या. लेक म्हणून आणली होती तिला, आणि काल भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून तिला बोलल्या होत्या. कशाला बोलले मी? जीभ का झडली नाही माझी?

तेवढ्यात लाइट गेली. पंखा थांबला. टेबलाखालची बॅटरी टूं टूं करू लागली. ती ओरडायला लागली की कॉम्प्युटर फार वेळ तग धरत नाही, हे सुमनबाईंना ठाऊक होतं.

घंटी वाजली.

हात आपोआप फोनकडे गेला. त्यांनी तो दुसऱ्या हातानं धरला, दोन्ही हात पदरात गुंडाळले आणि मांडीखाली दाबून बसल्या. वाजू दे. घेऊ दे त्या मेल्याला. कॉम्प्युटरनं फोन घेतला, किंचाळला, कुरकुरला. बॅटरी आता न थांबता बोंबलत होती. वाचूच नये असं वाटत होतं, आणि डोळे मिटवत नव्हते.

कागद वरून खाली उतरू लागला. याही कागदावर श्री नव्हता.

"आई, फोन उचलू नको. मशीनला घेऊ दे. मयुरीला मुलगी झाली. पोर लहान आहे, काचेच्या पेटीत ठेवलं आहे, पण आवाज खणखणीत आहे. मयुरी शुद्धीवर आली. तू जेवलीस का विचारते. सोयर लागलं म्हणून वर श्री घातला नाही. घाबरू न"

पडदा काळा झाला.

कुंदाबाई चहा घेऊन आल्या तेव्हा सुमनबाई भिंतीला टेकून हमसून हमसून रडत होत्या. कुंदाबाई बिचारी चहा दारातच ठेवून त्यांना पोटाशी धरायला धावली.

"शिवू नको मले!" सुमनबाई ओरडल्या, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा. "लांब हो वं कुंदा! सोयर लागलं आमाले!"